एरंडेलावर उडालेली इंजिने

बिदरच्या आकाशात घिरट्या घालणाऱ्या हॉक विमानाचे इंजिन अर्धे फ्रेंच आहे. अडूर मार्क 871 हे त्याचे नाव. ब्रिटनची रोल्स-रॉइस आणि फ्रान्सची टर्बोमेका या दोन कंपन्यांनी ते मिळून घडवले. टर्बोमेका आज साफ्रां या मोठ्या फ्रेंच उद्योगसमूहात आहे. या समूहाचे दुसरे घराणे स्नेक्मा. फ्रेंच सरकारने 1945 साली 'नोम ए रोन' ही कंपनी ताब्यात घेऊन स्नेक्मा उभी केली. आणि 'नोम ए रोन'ची मुळे शोधत गेले की आपण पॅरिसच्या वेशीवरच्या जनव्हिलिए गावात पोचतो. तिथे 1905 साली सेगँ बंधूंनी इंजिनांचा कारखाना काढला होता.

बिदरकरांना विमानाचे नवल उरलेले नाही. हवाई दलाचे सूर्यकिरण पथक 1996 साली इथेच उभे राहिले, हॉक 2008 मध्ये आले. अष्टूरच्या बहमनी घुमटांपाशी उभे राहिले तरी डोक्यावर शिकाऊ वैमानिकांची ये-जा चालू असते. पण आपल्या सीमाभागाचा इतिहास सांगताना आपण बहमनी, बरीदशाही, बसवेश्वर, रझाकार आणि 1956 ची भाषावार वाटणी एवढ्यावर थांबतो. विमानतळ त्यात कुठल्याशा तळटीपेसारखा येतो. मला हे खटकते. विमानाच्या इंजिनाचा इतिहास दुसऱ्या कुणाच्या देशात घडला आणि आपण तो मान वर करून पाहत राहिलो, हे खरे नाही. त्याची वाट या मुलखातून गेली आहे. ती शोधायची तर आधी त्या फ्रेंच इंजिनाचे पोट उघडून पाहायला हवे.

विमानाच्या जन्माची गोष्ट आपण पंखांची म्हणून सांगतो, पण गाडे अडले होते ते वजनापाशी. राइट बंधूंच्या 1903 च्या इंजिनाचे वजन सुमारे 80 किलो आणि ताकद 12 अश्वशक्ती. मोटारीचे इंजिन त्या काळी याहून जड. एका रांगेत चार-सहा सिलिंडर मांडले की त्यांच्याखालचा क्रँकशाफ्ट लांब होतो, त्याला पेलणारे क्रँककेस लांब होते, वर पाण्याचे आवरण, रेडिएटर आणि नळ्या. जमिनीवर हे चालून जाते. हवेत प्रत्येक किलो छातीवर बसतो.

यावर फ्रान्समधल्या कारागिरांनी काढलेली तोड अशी : सिलिंडर रांगेत मांडायचेच नाहीत, मध्यबिंदूभोवती ताऱ्याच्या पाकळ्यांसारखे बसवायचे. सगळ्यांचे दांडे एकाच क्रँकपिनवर येतात. क्रँकशाफ्ट वीतभर होतो, क्रँककेसचा छोटा डबा होतो. प्रत्येक सिलिंडर समोरच्या वाऱ्यात उभा राहतो, त्यामुळे पाणी नको, रेडिएटर नको. या रचनेला रेडिअल म्हणतात.

आलेस्सांद्रो आन्झानी हा मूळचा मिलानचा. पॅरिसजवळ कूर्बव्हॉईला तो मोटरसायकलींची इंजिने बनवी. त्याचे तीन सिलिंडरचे, पंख्यासारखे पसरलेले 25 अश्वशक्तीचे इंजिन लुई ब्लेरियोने आपल्या विमानाला जोडले आणि 25 जुलै 1909 च्या पहाटे तो कॅलेहून उडाला. सुमारे 37 मिनिटांनी तो इंग्लंडच्या किनाऱ्यावर डोव्हरला उतरला, तेव्हा समुद्राने राखलेले बेट म्हणून इंग्लंडला वाटणारी निश्चिंती संपली. ते इंजिन मात्र पाहायला गेले तर अगदी ओबडधोबड. आत येणाऱ्या मिश्रणाचा व्हॉल्व्ह उघडायला कसलीही यंत्रणा नव्हती; पिस्टन खाली गेला की पोकळीच्या ओढीने तो आपोआप उघडे. सिलिंडरच्या तळाशी भोके पाडलेली, जळका वायू लवकर बाहेर पडावा म्हणून. त्या भोकांतून तेलाचे शिंतोडे थेट वैमानिकाच्या अंगावर. थोडा वेळ चालले की इंजिन तापून दम सोडे. वाटेत पावसाची सर आली म्हणून ते निभावले, असे सांगतात.

आन्झानी पुढे शहाणा झाला. तीन सिलिंडर त्याने समान अंतरावर मांडले, मग तशा दोन चकत्या एकामागे एक जोडून सहाचे आणि नंतर दहाचे इंजिन केले. दोन ओळींचे रेडिअल हे पुढे चाळीस वर्षे जगभर चाललेले रूप त्याच्या कारखान्यात फार लवकर आकाराला आले. श्रेय मात्र त्याला क्वचितच मिळते.

पण खरी उडी मारली ती सेगँ बंधूंनी. लुई आणि लोराँ या भावांनी 1908 मध्ये 'नोम ओमेगा' हे सात सिलिंडरचे इंजिन पुढे आणले : 50 अश्वशक्ती, वजन सुमारे 75 किलो. राइट बंधूंच्या इंजिनापेक्षा हलके आणि ताकद चौपट. हे साधले एका उलट्या विचारातून. नेहमीच्या इंजिनात सिलिंडर जागेवर असतात आणि क्रँकशाफ्ट फिरतो. इथे क्रँकशाफ्ट विमानाच्या सांगाड्याला घट्ट बोल्ट केलेला, आणि त्याच्याभोवती सिलिंडरांचे अख्खे चक्र पंख्यासकट गरगरते, मिनिटाला 1200 फेरे. जात्याचा खुंटा जागचा हलत नाही आणि वरची तळी फिरते, तसे. फक्त इथला खुंटा मधोमध नसतो, थोडा बाजूला सरकवलेला असतो. त्या सरकवण्यामुळेच पिस्टन आपापल्या सिलिंडरात वर-खाली होतात. फिरणारे सिलिंडर स्वतःच वारा कापतात म्हणून थंड राहतात, आणि एवढे वजन फिरत असल्यामुळे इंजिन धक्के न देता चालते. जड फ्लायव्हील लावायची गरजच राहत नाही. ही रोटरी इंजिने. रेडिअलचीच फिरती भावंडे.

सिलिंडर सात का, सहा किंवा आठ का नाहीत? चार टप्प्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. एक सोडून एक असे पेटवत गेले तर क्रम येतो 1, 3, 5, 7, 2, 4, 6 आणि पुन्हा 1. दोन फेऱ्यांत सगळे पेटतात आणि प्रत्येक ठिणगीत सारखेच अंतर राहते. सिलिंडर सम संख्येत असते तर एका फेरीनंतर पुन्हा पहिल्याच सिलिंडरापाशी गाडी येते आणि निम्मे कोरडेच राहतात. म्हणून एका ओळीत तीन, पाच, सात, नऊ. पुढच्या काळातली मोठमोठी रेडिअल पाहा, एका ओळीतली संख्या विषमच सापडेल.

घडण तर थक्क करणारी. नोमचा प्रत्येक सिलिंडर पोलादाच्या भरीव ठोकळ्यातून लेथवर कातून काढत. थंडाव्यासाठीच्या बारीक पट्ट्यांसकट तो एकसंध, आणि भिंतीची जाडी जेमतेम दीड मिलिमीटर. ठोकळ्यातले बहुतेक पोलाद छिलक्यांत जाई. आतले भोक 110 मिलिमीटर, पिस्टनची धाव 120. एका पिस्टनचा दांडा मुख्य, बाकी सहा त्याच्या डोक्याला जोडलेले. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण पोकळ क्रँकशाफ्टमधून क्रँककेसमध्ये येई, आणि तिथून पिस्टनच्या डोक्यात बसवलेल्या व्हॉल्व्हमधून वर सिलिंडरात. हा पिस्टनमधला व्हॉल्व्ह म्हणजे या इंजिनाचे दुखणे. तो अडकला की वरची ज्वाला खाली क्रँककेसमध्ये उतरे, आणि तिथे तर पेट्रोलची वाफ भरलेली. 1913 च्या 'मोनोसुपाप' इंजिनात सेगँ बंधूंनी तो काढूनच टाकला.

ऑगस्ट 1909 च्या रँसच्या विमानमेळ्यात आंरी फार्मानने नोम लावून तीन तासांवर हवेत राहून 180 किलोमीटर कापले. त्यानंतर नोमला गिऱ्हाइके शोधावी लागली नाहीत. आपल्याकडे 18 फेब्रुवारी 1911 रोजी आंरी पेके या तरुण फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुना ओलांडून नैनीला सुमारे साडेसहा हजार पत्रे नेली. जगातले हे पहिले अधिकृत टपाल-उड्डाण. त्याचे इंजिनही 50 अश्वशक्तीच्याच आसपासचे.

आता वंगणाकडे येऊ, कारण आपला बांध इथेच लागतो. या इंजिनात पेट्रोलचे मिश्रण क्रँककेसमध्ये खेळते, आणि वंगणही तिथेच. साधे खनिज तेल घातले तर पेट्रोल त्याला विरघळवून पातळ करते आणि धातूवर धातू घासू लागतो. पेट्रोलला दाद न देणारे, तापल्यावरही चिकटपणा न सोडणारे तेल हवे होते, आणि तसे एकच हाताशी होते : एरंडेल. त्यातले रिसिनोलिक आम्ल इतर तेलांतल्या आम्लांपेक्षा वेगळे. त्याच्या रेणूला एक जादा हायड्रॉक्सिल गट असतो, त्यामुळे ते धातूला चिकटून राहते आणि पेट्रोलात सहज मिसळत नाही. या इंजिनात तेल गाळून परत वापरायची सोयच नव्हती. फिरणाऱ्या चक्राने ते बाहेर फेकले जाई, अर्धवट जळून धुरात जाई, आणि टाकीतून नवे ओतले जाई. वैमानिकाचा चष्मा, मफलर, तोंड, सगळे एरंडेलाने माखे. तो धूर पोटात जाऊन होणारा त्रास त्या काळच्या वैमानिकांच्या आठवणींत वारंवार येतो. कारण आपल्याला सांगायला नको. एरंडेल पोटात गेल्यावर काय होते ते मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

बिदर-गुलबर्ग्याकडच्या शेतकऱ्याला एरंड कधीच मानाचे पीक वाटले नाही. तूर आणि ज्वारीच्या कडेने, बांधावर, उकिरड्याशेजारी तो उभा असतो. जनावर तोंड लावत नाही, पाऊस लांबला तरी तग धरतो. ओसाड गावी एरंड बळी, ही म्हण त्याच्या वाट्याला आली. घरोघरी बाया बोंडे उन्हात तडकवून बी काढत, भाजून कुटत, पाण्यात उकळत आणि वर आलेले तेल काढून पुन्हा आटवत. ते बाळाची टाळू भरायला, दिव्यात, बैलगाडीच्या कण्याला. कणा करकरू लागला की एरंडेलाची चिंधी कोंबायची, हे ज्ञान या मुलखात विमानाच्या कितीतरी आधीचे.

हैदराबाद संस्थान एरंडीच्या लागवडीत हिंदुस्थानात आघाडीवर होते. मोठा पेरा तेलंगणात, पण मराठवाड्यात आणि गुलबर्ग्याच्या बाजूलाही एरंड होताच. मुंबई-रायचूर लोहमार्ग 1871 मध्ये पुरा झाला आणि गुलबर्गा थेट मुंबई बंदराला जोडला गेला. वाडीहून निजामाची रेल्वे 1874 मध्ये सिकंदराबादला पोचली. पहिल्या महायुद्धाआधी युरोपला एरंडी पुरवणारा मुख्य देश हिंदुस्थान होता. मार्सेय आणि हल इथल्या तेलगिरण्या ती गाळत. युद्ध पेटल्यावर विमानांची संख्या शेकड्यांवरून हजारांवर गेली आणि एरंडेल युद्धसाहित्य झाले. अमेरिकेने युद्धात उतरल्यावर आशियातून बी मागवून आपल्या दक्षिणेकडच्या राज्यांत लाख एकरांहून अधिक जमीन एरंडाखाली आणण्याचा घाट घातला, तोही फक्त विमानांसाठी. मुंबईच्या गोदीत पोती उतरवणाऱ्या हमालाला किंवा दख्खनच्या शेतकऱ्याला कुणी सांगितले नाही की हे तेल फ्रान्सच्या आकाशात जळणार आहे. भाव वाढला तर आडत्याला कळला, एवढेच.

त्या आकाशात आपली माणसेही होती. हरदित सिंग मलिक सॉपविथ कॅमल हे लढाऊ विमान उडवत. क्लेर्जे आणि ल रोन ही फ्रेंच घडणीची रोटरी इंजिने त्या विमानाला सर्रास लावलेली असत. समोर शे-दीडशे किलो पोलाद गरगरत असल्यामुळे कॅमल उजवीकडे विजेसारखे वळे, डावीकडे वळताना अडे, आणि नवशिक्याच्या हातून भोवऱ्यात सापडे. मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंकर 23 व्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन उडवत होते. 27 जून 1918 रोजी ते पाडले गेले आणि तीन दिवसांनी वारले. त्यांची कबर फ्रान्समध्ये आहे. त्याच युद्धातले वैमानिक इंद्रलाल रॉय यांचे नाव अनेकांना माहीत असते. वेलिंकरांचे नाव मुंबईत तरी किती जणांना ठाऊक आहे? मराठी वाचकाने ते लक्षात ठेवावे असे मला मनापासून वाटते.

वेलिंकरांच्या डॉल्फिनचे इंजिन रोटरी नव्हते. ते हिस्पानो-सुइझा, पाण्याने थंड होणारे, आठ सिलिंडरचे. रोटरीचा काळ भरत आला होता. चक्र जितके जोरात फिरवावे तितकी त्याची ताकद सिलिंडरांनी वारा घुसळण्यातच खर्ची पडे. दोनशे अश्वशक्तीच्या फार पुढे ही रचना जाईना. त्याच 1918 साली निजाम मीर उस्मान अली खान यांनी ब्रिटिश हवाई दलाच्या 110 व्या स्क्वाड्रनला विमाने भेट दिली. डी.एच. 9ए जातीची ही बॉम्बफेकी विमाने. स्क्वाड्रनच्या नावातच हैदराबाद आले. त्यांचे लिबर्टी इंजिन 12 सिलिंडरचे, 400 अश्वशक्तीचे. बिदर, गुलबर्गा, उस्मानाबाद हे सगळे तेव्हा निजामाच्याच राज्यातले जिल्हे. ही भेट ज्या खजिन्यातून गेली त्यात इथल्या काळ्या जमिनीचा सारा होता. निजामाच्या औदार्याची वर्णने वाचताना ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

रोटरी मेली, पण ताऱ्याची रचना जगली. सिलिंडर फिरवायचे सोडले आणि ते पुन्हा जागेवर बसवले. आता ॲल्युमिनियमची डोकी आणि चांगले पोलाद हाताशी आल्यामुळे नुसत्या वाऱ्यावर ते थंड राहू लागले. फ्रान्समध्ये साल्मसॉनने पाण्याने थंड होणारी रेडिअल इंजिने युद्धातच पुष्कळ केली होती. इंग्लंडमध्ये रॉय फेडनने नऊ सिलिंडरचे ज्युपिटर घडवले. आणि मग गंगा उलटी वाहिली : ज्यांच्याकडून जग इंजिन शिकले त्या 'नोम ए रोन'ने 1921 मध्ये ज्युपिटरचा परवाना विकत घेतला, हजारोंनी ती बांधली आणि त्यावरून पुढे आपली 14 सिलिंडरची मालिका काढली. भारतीय हवाई दलाने 1 एप्रिल 1933 रोजी कराचीच्या द्रिघ रोडवर पहिली तुकडी उभी केली तेव्हा तिच्याकडे चार वापिटी विमाने होती. त्यांच्या नाकावरही ज्युपिटरच होते.

ज्युपिटरच्याच वंशात फेडनच्या हातून सेंटॉरस आले. दोन ओळींत नऊ-नऊ असे 18 सिलिंडर, सुमारे अडीच हजार अश्वशक्ती. हे इंजिन हॉकर टेम्पेस्टला होते, आणि टेम्पेस्ट बिदरवर आले.

1948 च्या उन्हाळ्यानंतर बिदरच्या धावपट्टीवर अंधारात मोठी लँकेस्ट्रियन विमाने उतरू लागली होती. कराचीहून येणारी ही विमाने निजामासाठी शस्त्रे आणत आणि ती आणणारा होता सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक. हा माणूस पहिल्या महायुद्धातला, ब्रिटिश नौदलाच्या विमानपथकातला. एका कडाक्याच्या थंडीत तो इंजिनावर काम करतानाचे तेलकट, मळके कपडे तसेच अंगावर ठेवून उडाला. उतरल्यावर त्याच्या ध्यानात आले की बाकीचे गारठले आहेत आणि आपण नाही. तेलाने कापडाची छिद्रे बुजली होती, वारा आत शिरला नाही. त्यावरून त्याने 1917 मध्ये सिडकॉट नावाचा वैमानिकांचा पोशाख तयार केला, जो पुढे काही दशके वापरात राहिला. तोच कॉटन तीस वर्षांनी बिदरला रझाकारांच्या राजवटीसाठी बंदुका उतरवत होता. तंत्रज्ञानातला हुशार माणूस भल्या बाजूला असतोच असे नाही.

हैदराबाद संस्थान भारतात सामील करून घेण्यासाठी 13 सप्टेंबरला भारतीय फौजा सोलापूरकडून निघाल्या. त्याच दिवसांत टेम्पेस्टनी बिदरची धावपट्टी बॉम्ब टाकून निकामी केली. नळदुर्ग पडले, उमरग्याला मुक्काम झाला. 14 तारखेला बसवकल्याणजवळच्या राजेश्वरच्या वाटेवर दबा धरून बसलेल्या मोर्चांवर टेम्पेस्ट बोलावण्यात आली. वाट मोकळी झाली आणि दुपारपर्यंत राजेश्वर हाती आले. 17 च्या पहाटे फौज बिदरमध्ये शिरली, त्याच संध्याकाळी निजामाने शरणागती पत्करली. गोरटा आणि आसपासच्या गावांनी त्या वर्षात रझाकारांच्या हातून जे सोसले, त्यानंतर या भागातल्या कित्येक कुटुंबांसाठी त्या 18 सिलिंडरांचा आवाज सुटकेचा होता. त्याच कारवाईत आणि नंतर या प्रदेशातल्या मुसलमान वस्त्यांनी भोगलेले हालही तितकेच खरे. दोन्ही एकाच आवाजाच्या आठवणी आहेत, आणि त्यांतली एक गाळून इतिहास सांगता येत नाही.

पुढे जेट आले आणि रेडिअल मागे पडले. एरंडही सरकला, आजही जगातले सर्वाधिक एरंड भारतातच होते, पण ते मुख्यतः गुजरातेत. इंग्लंडमध्ये ओल्ड वॉर्डन इथे शटलवर्थ संग्रहाकडे 1909 चे ब्लेरियो आन्झानी इंजिनासह अजून चालू स्थितीत आहे, आणि ल रोन लावलेली विमानेही तिथे उडवतात. कलबुर्गीचा विमानतळ 22 नोव्हेंबर 2019 ला खुला झाला, बिदरहून 7 फेब्रुवारी 2020 ला प्रवासी विमान सुटले. ते फ्रान्समधल्या तुलूजला जुळवलेले एटीआर होते.

भालकीला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, बिदरला आहे, कलबुर्गीचे पी.डी.ए. तर 1958 चे. यांपैकी एका ठिकाणी तरी नऊ सिलिंडरचे एक जुने रेडिअल उभे कापून, आतले पिस्टन आणि मुख्य दांडा दिसेल असे, विद्यार्थ्यांसमोर ठेवावे. हाताने फिरवता येईल असे. शेजारची पाटी कन्नड, मराठी आणि उर्दूत असावी. तिच्यावर जनव्हिलिएचा कारखाना असावा, एरंड असावा, 110 वे स्क्वाड्रन असावे, आणि राजेश्वरचा 14 सप्टेंबर असावा. हवाई दलाचा तळ दाराशी असताना हे काम फार अवघड नाही, आणि ते व्हावे म्हणून जिथे सांगायचे तिथे मी सांगत राहणार आहे.